वाचकांचे प्रश्न : उघड्यावरची विमानं कशी पाहावीत?

विमान-संग्रहालयांबद्दल आलेल्या पत्रांत तीन प्रकारचे वाचक आहेत. काही जण उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला निघाले आहेत, काही विद्यार्थी आहेत, तर काहींना सुट्टीत मुलांना विमानं दाखवायची आहेत. बहुतेकांनी अ‍ॅरिझोना राज्यात ट्यूसॉनला असलेल्या पिमा एअर अँड स्पेस म्युझियमविषयी विचारलं आहे, म्हणून या वेळी त्यालाच जास्त जागा दिली आहे. गोव्याचं उत्तर शेवटी आहे.

प्रश्न : मुलगा फिनिक्सला असतो. मेअखेर आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. पिमा संग्रहालय एका दिवसात पाहून होतं का? माझे गुडघे दुखतात, ह्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. उन्हाचं काय करायचं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : सगळं पाहून होणार नाही, आणि तो हट्टही धरू नका. सुमारे ८० एकर जागा आणि ४०० च्या आसपास विमानं. प्रत्येकापाशी एकच मिनिट थांबलात, तरी चालण्याचा वेळ सोडून साडेसहा तास होतात. पंचवीस-तीस विमानं निवडून नीट पाहा. दिवस भरगच्च होईल.

फिनिक्सहून आय-१० महामार्गाने सुमारे दोन तास लागतात. संग्रहालय ट्यूसॉनच्या आग्नेयेला, व्हॅलेन्सिया रोडवर आहे. सकाळी ९ ला दारात पोचायचं तर घरून साडेसहाला निघा. उन्हाळ्यात ते हिवाळ्यापेक्षा लवकर बंद होतं आणि तिकीटखिडकी त्याच्याही आधी मिटते. आदल्या रात्री वेबसाइटवर त्या तारखेची वेळ पाहून ठेवा. जेवणखाण उरकून निवांत अकराला निघू, हा बेत तिथे फसतोच.

क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक तिकीट काढून समोरच्या थंडगार हँगरमध्ये शिरतात, तिथेच दोन तास रमतात आणि साडेअकराला बाहेर येतात. तोवर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे तापलेले असतात, सावल्या विमानांच्या पोटाखाली आक्रसलेल्या असतात आणि अर्ध्या तासात माणूस परत फिरतो. बाहेरची निम्मीअधिक विमानं बघायची राहतात ती यामुळे. तुम्ही उलट करा. नऊ ते साडेदहा-अकरा बाहेर, मग उरलेला दिवस हँगर्समध्ये. हँगर्स कुठेही पळून जात नाहीत.

तिथलं ऊन पुण्याच्या एप्रिलसारखं असेल असं धरून चालू नका. मेअखेर पारा सहज ३८ अंशांपर्यंत जातो, जूनमध्ये चाळिशी ओलांडतो, आणि हवा इतकी कोरडी असते की घाम आला हे कळायच्या आत तो उडून जातो. अंग ओलं होत नाही म्हणून तहान जाणवत नाही, आणि चक्कर येते तेव्हाच लक्षात येतं. तहान लागो न लागो, दर तासाला अर्धा लिटर पाणी प्या. माणशी दोन-तीन लिटर पाणी बरोबर ठेवा. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर अशा उन्हात किती पाणी प्यावं आणि इलेक्ट्रल घ्यावं की नाही, हे पुण्यातून निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या. इलेक्ट्रलमध्ये मीठ असतं, त्यामुळे ते आपल्या मनाने घेऊ नये. औषधं आणि इन्सुलिन गाडीत ठेवू नका. बंद गाडी तासाभरात ६० अंशांच्या घरात तापते.

गुडघ्यांसाठी ट्रॅम फेरीची चौकशी तिकीट काढतानाच करा. तिचं तिकीट वेगळं असतं, जागा मोजक्या असतात आणि ती रोज असतेच असं नाही. ट्रॅममधून उतरता येत नसेल तर जी विमानं आवडली त्यांची नावं लिहून घ्या आणि फक्त तेवढ्यांकडेच चालत जा. चाकाची खुर्चीही प्रवेशाशीच मागा. ती घेण्यात संकोच करू नका, कारण हँगरमधलं काँक्रीट बाहेरच्या मातीपेक्षा गुडघ्यांना जड जातं. बाहेर खडी आणि भुरभुरीत माती आहे, तेव्हा चपला-सँडल नकोत, बंद बूट घाला. रस्ता सोडून झुडपांत शिरू नका. तिथल्या चोया निवडुंगाचा काटा कापडातून आत जातो आणि ओढून काढावा लागतो.

आता काय पाहायचं ते. बाहेर पहिल्यांदा बी-५२ या बॉम्बफेकी विमानांच्या रांगेकडे जा. त्यातलं एनबी-५२ए हे विमान एक्स-१५ नावाचं रॉकेट-विमान पंखाखाली टांगून आकाशात न्यायचं. त्याच्या उजव्या पंखाची मागची कड पाहा. फ्लॅपचा एक चौकोन कापून काढलेला दिसेल. एक्स-१५ ची उभी शेपटी तिथे आडवी येत होती, म्हणून ती खाच ठेवली. शेजारच्या बी-५२ च्या नाकामागे, खिडक्यांखालच्या पत्र्यावर सुरकुत्या दिसतात. ते नुकसान नव्हे. इतक्या लांब धडाचा पातळ पत्रा जमिनीवर स्वतःच्या वजनाने असाच चुरगळतो, आणि त्याचा हिशोब आरेखनातच केलेला असतो. पंखांच्या टोकांजवळची छोटी चाकंही चुकवू नका. टाक्या भरल्या की पंख इतके खाली वाकतात की त्या चाकांवाचून भागत नाही.

मग बोइंग ७८७ पाहा. हे त्या जातीचं दुसरं चाचणी-विमान आहे. याच जातीच्या विमानातून तुम्ही कदाचित प्रवास केला असेल. धड कार्बन-फायबरचं असल्याने त्यावर रिव्हेटच्या रांगा नाहीत. शेजारच्या कुठल्याही जुन्या विमानाशी ताडून पाहा, साठ वर्षांत काय बदललं ते तेवढ्यात कळतं. कॉन्स्टेलेशन जातीचं ‘कोलंबाइन’ आयझेनहॉवर यांनी वापरलेलं, आणि डीसी-६ जातीचं व्हीसी-११८ केनेडी आणि जॉन्सन यांच्या काळातलं. बड्या नेत्यांची ही दोन्ही विमानं आजच्या मानाने किती अरुंद आहेत, ते खिडक्यांच्या रांगेवरूनच कळतं.

एसआर-७१ हे टेहळणी विमान हँगरमध्ये आहे, ते दुपारी उशिरासाठी राखून ठेवा. ते बरंचसं टायटॅनियमचं आहे, आणि पंखाच्या वरच्या पत्र्यावर लांबट पन्हळी आहेत. आवाजाच्या तिप्पट वेगाने जाताना पत्रा तापून फुगतो. सपाट असता तर तो वेडावाकडा झाला असता, पन्हळी असल्याने नुसत्या जरा खोल होतात. जमिनीवर थंड असताना टाक्यांच्या सांध्यांतून इंधन ठिबकायचं, तेही याच तापण्या-निवण्यामुळे.

पासपोर्ट बरोबर ठेवा. मेक्सिकोची सीमा जवळ आहे आणि या भागात सीमा-पोलीस चौकशी करू शकतात.

प्रश्न : भारतीय हवाई दलाचं लिबरेटर पिमामध्ये आहे असं ऐकलं. लोहगावला एके काळी हीच विमानं होती ना? तिथे आणखी कोणती विमानं आपल्या ओळखीची आहेत?
— एक निवृत्त कर्मचारी, विश्रांतवाडी

उत्तर : दोन्ही खरं आहे. पिमातलं बी-२४ लिबरेटर हे बॉम्बफेकी विमान आपल्या हवाई दलात एचई८७७ क्रमांकाने होतं आणि १९६९ मध्ये भारतातून उडत ट्यूसॉनला गेलं. लोहगावशी नातं क्रमांक ६ स्क्वाड्रनमुळे. समुद्रावरच्या टेहळणीसाठी ही स्क्वाड्रन लिबरेटर वापरायची आणि तिचा तळ पुण्याला होता.

ही विमानं आपल्याकडे आली ती कथा प्रत्येक पुणेकराला माहीत असावी असं आम्हाला मनापासून वाटतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाने आपली लिबरेटर्स कानपूरला आणून टाकली. अमेरिकेकडून उधार-उसनवार करारावर मिळालेली असल्याने ती परत तरी करायची होती किंवा निकामी तरी. म्हणून जाण्यापूर्वी त्यांची उपकरणं फोडण्यात आली, इंजिनांत वाळू घालण्यात आली. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने त्या ढिगाऱ्यातून चाळीसएक विमानं उभी केली. एकाचे भाग काढून दुसऱ्याला बसवायचे, विमान उडण्यापुरतं धड झालं की तिथूनच बंगळुरूला उडवत न्यायचं आणि मग कारखान्यात पूर्ण दुरुस्ती करायची. १९४८ च्या अखेरीपासून ती दलात दाखल होऊ लागली आणि १९६८ अखेर निवृत्त झाली. तोवर जगात दुसऱ्या कुठल्याही हवाई दलाकडे कामावरचं लिबरेटर उरलं नव्हतं. अठरा हजारांहून जास्त बांधली गेलेली ही जात आज जगात मोजकीच शिल्लक आहे. पिमातलं, लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमच्या संग्रहातलं आणि कॅनडातलं, अशी त्यातली कितीतरी भारतातूनच गेली. आपल्या कारागिरांनी ती वाचवली नसती, तर या संग्रहालयांना पुस्तकातल्या चित्रांवरच भागवावं लागलं असतं.

हे विमान दुसऱ्या महायुद्धाच्या हँगरमध्ये आहे. रंग अमेरिकी आहे, तेव्हा भारतीय चक्र शोधत बसू नका. पोटाखाली वाकून बॉम्ब ठेवायच्या कप्प्याची दारं पाहा. ती खाली लोंबत नाहीत, दुकानाच्या शटरसारखी धडाच्या बाजूने वर गुंडाळली जातात. पोट जमिनीपासून इतकं खाली आहे की उघडणारी झडप जमिनीला टेकली असती, शिवाय हवेत उघडी दारं वारा अडवून वेग कमी करतात. कप्प्याच्या मधोमध जेमतेम वीतभर रुंदीची पट्टी आहे. पुढच्या भागातून मागे जायचं तर हाच रस्ता. इंधनाच्या नळ्या याच भागातून जात असल्याने वाफ साठायची, म्हणून चालक दारं थोडी उघडी ठेवून उडत. पंख पाहायचा तर बाजूला उभे राहून त्याच्या टोकाकडून पाहा. लांबीच्या मानाने त्याची रुंदी किती कमी आहे ते लक्षात येईल. लांब पल्ला त्यामुळेच मिळायचा, आणि समुद्रावरच्या टेहळणीला तोच हवा होता.

बाकीची ओळखीची विमानं म्हणाल तर डकोटा, मिग-२१, हंटर आणि नॅट. नॅट तिथे दोन आसनांचं प्रशिक्षण-विमान आहे. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर निर्मलजीतसिंग सेखोंनी जे उडवलं ते एकाच आसनाचं होतं. त्यांच्यासमोर होती ती सेबर विमानं, आणि सेबरही पिमात आहे. दोघांच्या शेपटीची उंची मनात धरून तुलना करा. नॅट दिसायला का अवघड होतं ते कळेल. पॅकेट, म्हणजे सी-११९, हेसुद्धा आहे. आपल्या पॅकेट्सच्या पाठीवर डोंगराळ भागासाठी तिसरं, जेट इंजिन बसवलेलं होतं.

प्रश्न : बी-३६ या बॉम्बफेकी विमानाचे पंखे मागच्या बाजूला का आहेत?
— इयत्ता सातवीतला वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : पुढे पंखा असला की त्याची ढवळलेली हवा पंखावरून जाते आणि खेच वाढते. मागे बसवला की पंखावरून स्वच्छ हवा वाहते आणि इंधन वाचतं. लांब पल्ल्याच्या विमानाला हा फायदा मोठा. पण प्रत्येक इंजिनात २८ सिलिंडर होते, अशी सहा इंजिनं होती, आणि ती उलटी बसवल्याने कार्ब्युरेटर पुढे, थंड हवेत आला. त्यात बर्फ धरायचा, इंधन-हवेचं प्रमाण बिघडायचं आणि एक्झॉस्टमध्ये आग लागायची. म्हणजे एक अडचण सोडवताना दुसरी उभी राहिली. नंतर पंखांच्या टोकांकडे चार जेट इंजिनंही जोडली. पिमातलं विमान हे बांधलेलं शेवटचं बी-३६. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत ७० मीटर भरतात. ते अंतर बरोबरच्या मोठ्या माणसाला पावलांनी मोजायला सांग.

प्रश्न : मी डिप्लोमा करतोय. बाहेर ठेवलेल्या विमानाकडे तंत्रज्ञाच्या नजरेने कसं बघायचं? काचांना पांढरा रंग का दिलेला असतो? शेपटीवरचे आकडे काय सांगतात?
— विद्यार्थी, आकुर्डी

उत्तर : सुरुवात कॉकपिटपासून करू नका. सगळे तिथे गर्दी करतात आणि काचेतून दिसतं ते थोडंच. चाकं मिटून आत बसतात तो खळगा पाहा. तिथे हायड्रॉलिक नळ्या, दोऱ्या, कुलपं, वायरिंग हे सगळं उघडं असतं, आणि बहुतेक वेळा मूळ रंग तिथेच शिल्लक असतो. बाहेरचा रंग संग्रहालयाने केव्हाही बदललेला असू शकतो. खळग्यातला सहसा कोणी बदलत नाही.

रिव्हेट नीट पाहा. एखाद्या रिव्हेटमागे वाऱ्याच्या दिशेने काळी रेघ ओढलेली दिसली तर तो सैल झालेला आहे. उड्डाणात तो कापत राहतो, घासून अ‍ॅल्युमिनियमची भुकटी निघते आणि ती मागे पसरते. पत्र्यावर पांढरी पावडर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची झीज. रंगाखाली फोड दिसले तर धातू पापुद्र्यांनी सुटतोय, आणि ते जास्त वाईट. पोलादी स्क्रू अ‍ॅल्युमिनियमला जिथे भिडतात तिथे ओल मिळाली की अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. म्हणून सांधे आणि झाकणांच्या कडा आधी तपासा.

चकचकीत पॉलिश केलेलं विमान सुंदर दिसतं, पण आमचं मत त्याच्या विरुद्ध आहे. विमानाच्या मजबूत मिश्रधातूवर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो, पत्र्याच्या एकूण जाडीच्या दोन ते पाच टक्के. तोच खरं तर गंजापासून राखतो. वर्षानुवर्षं घासत राहिलं की थर संपतो आणि आतला धातू उघडा पडतो. रंगवून ठेवलेलं विमान जास्त टिकतं, मग ते फिकं दिसेना का.

काचा म्हणजे अ‍ॅक्रिलिक. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यात बारीक तडे जातात आणि पिवळसरपणा येतो. शिवाय बंद कॉकपिटची उन्हात भट्टी होते, आतल्या वायरींवरचं आवरण, रबर, गाद्या सगळं पिठूळ होतं. म्हणून पांढरा लेप देतात. पाहणाऱ्याला हिरमोड वाटतो, पण त्याखाली मूळ यंत्रफळी शाबूत राहते. टायरला उन्हाबरोबर हवेतला ओझोनही कुरतडतो. बराच काळ एकाच जागी उभं राहिलं की टायर खालून चपटा होतो, म्हणून पुष्कळ विमानांचं वजन लोखंडी ठोकळ्यांवर घेतलेलं दिसेल. एअर इनटेक आणि एक्झॉस्टला जाळ्या पक्ष्यांसाठी आहेत. विष्ठा आम्लधर्मी असते आणि घरट्यातला कचरा ओल धरून ठेवतो. पोटाखाली छोटी भोकं शोधा. पाणी निचरून जाण्यासाठी ती असतात. धुळीने ती बुजली की आत चिखल बसतो आणि विमान आतून कुजायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही, एका दिवशी पत्र्यातून बोट आरपार जातं.

आकड्यांचं असं की अमेरिकी हवाई दल विमानाची ऑर्डर ज्या आर्थिक वर्षातली, ते वर्ष आणि पुढे क्रमांक देतं. शेपटीवर वर्षाचा पहिला आकडा गाळतात. बी-३६ वर २२८२७ दिसेल, म्हणजे ५२-२८२७, ऑर्डर १९५२ च्या वर्षातली. एसआर-७१ वर १७९५१, म्हणजे ६१-७९५१. दशक कुठलं ते विमानाच्या जातीवरून ठरवायचं. वहीत हा आकडा आधी लिहा, मग फोटो काढा. नंतर विमानाचा इतिहास शोधायला नावापेक्षा तोच उपयोगी पडतो.

प्रश्न : माझ्या कॅमेऱ्यावर पोलरायझर फिल्टर असतो. विमानांच्या फोटोंत काचेवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे का येतात?
— एक छायाचित्रकार, औंध

उत्तर : अ‍ॅक्रिलिक तापवून आकार देताना त्यात ताण राहून जातो. आकाशाचा ध्रुवित प्रकाश त्यातून आला की पोलरायझर तो ताण रंगांत दाखवतो. कॉकपिटच्या जवळ जाताना फिल्टर काढून ठेवा. उघड्या धातूवरची चमकही त्याने जात नाही, कारण धातूवरून परावर्तित प्रकाश काचेवरून किंवा पाण्यावरून आलेल्या प्रकाशासारखा ध्रुवित होत नाही. रंगवलेलं विमान आणि निळं आकाश यांना तो चालतो. उघड्या अ‍ॅल्युमिनियमचं विमान चौकट भरून असेल तर कॅमेरा फोटो काळपट काढतो, अर्धा ते एक स्टॉप वाढवा, पण चमकणाऱ्या कडा जळत नाहीत ना ते पाहा. काळ्या एसआर-७१ ला उलट, एक स्टॉप कमी, नाहीतर ते करडं येतं.

प्रश्न : ट्यूसॉनचं विमानांचं ‘बोनयार्ड’ आत जाऊन बघता येतं का?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : बोनयार्ड म्हणजे सेवेतून काढलेली विमानं साठवून ठेवायची जागा. ती डेव्हिस-मॉन्थन या चालू हवाई तळाच्या हद्दीत आहे, त्यामुळे आपली गाडी घेऊन आत जाता येत नाही. बससहल चालू आहे का, हे जाण्यापूर्वी संग्रहालयाला विचारा. सहल नसेल तर कोल्ब रोडने जाताना कुंपणापलीकडे रांगा दिसतात. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवू नका, सोबतच्याने चालत्या गाडीतून पाहावं.

सुमारे २६०० एकरांत तीन-चार हजार विमानं उभी आहेत. १९४६ पासून हे काम तिथे चालतं, कारण पाऊस कमी, आणि जमीन चुन्याने घट्ट झालेली. फरसबंदी न करताही जड विमानं रुतत नाहीत. विमान आणलं की इंधन काढून टाक्या-नळ्यांतून हलकं तेल फिरवतात, फटी बुजवतात, वरच्या भागावर आधी काळा आणि त्यावर पांढरा सोलून काढता येणारा लेप फवारतात. पांढऱ्या लेपामुळे आतलं तापमान बाहेरच्या हवेच्या फार वर जात नाही. पुन्हा उडवायचं झालं तर लेप सोलून काढतात.

प्रश्न : संग्रहालयावरून ड्रोन उडवून चित्रण करता येईल का?
— एक वाचक, वाकड

उत्तर : नाही. शेजारी लष्करी धावपट्टी आहे आणि ती नियंत्रित हवाई हद्द आहे. परवानगीशिवाय उडवलं तर गुन्हा होतो. ड्रोन पुण्यातच ठेवा.

प्रश्न : अमेरिका आम्हाला शक्य नाही. दोन मुलं आहेत, ८ आणि १२ वर्षांची. पुण्याहून जवळ असं उघड्यावरचं विमान-संग्रहालय कुठलं, आणि कधी जावं?
— पालक, हडपसर

उत्तर : गोव्याचं नौदल विमान संग्रहालय, बोगमाळोला, दाबोळी विमानतळाच्या बाजूला. १९९८ मध्ये सुरू झालं. पिमाच्या मानाने लहान आहे, पण मुलांसाठी अडीच-तीन तास पुरतात, आणि आपल्या स्वतःच्या विमानांसमोर उभं राहण्यात जे आहे ते परदेशी संग्रहालयात नाही.

पुण्याहून गोवा एक्सप्रेस थेट वास्कोला जाते. वास्कोहून रिक्षा किंवा टॅक्सीने बोगमाळो जवळ आहे. विमानाने जात असाल तर तिकीट काढताना दाबोळी की मोपा ते नक्की बघा. मोपा उत्तर गोव्यात आहे आणि तिथून बोगमाळोपर्यंत साठेक किलोमीटरचा फेरा पडतो. सोमवारी संग्रहालय बंद असतं. नौदलाच्या हद्दीला लागून असल्याने फोटोंबाबत दारावरची पाटी पाळा.

पावसाळ्यात जाऊ नका. तिथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, ट्यूसॉनला जेमतेम तीनशे, आणि इथे वर समुद्राचं खारं वारं आहे. म्हणून ट्यूसॉनला जे विमान पन्नास वर्षं उभं राहतं, ते इथे सतत देखभाल मागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. सकाळी उघडताच जा.

सगळ्यात मोठं आहे ते सुपर कॉन्स्टेलेशन. तेच एअर इंडियाचं ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरूळच्या नावाचं. प्रवासी विमान म्हणून उडालं, मग हवाई दलात आणि नंतर नौदलात टेहळणीला. शेपटीला तीन उभे पंख आहेत. एकच असता तर इतका उंच झाला असता की त्या काळच्या हँगरमध्ये मावला नसता, म्हणून त्याची तीन भागांत वाटणी केली. मुलांना आधी विचारा, ती बरोबर उत्तर शोधतात.

सी हॉक १९७१ मध्ये आयएनएस विक्रांतवरून उडाली आणि ४ डिसेंबरला तिने कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. तिच्या पंखातली बिजागरी शोधा. जहाजाच्या लिफ्टमध्ये बसवण्यासाठी पंख दुमडायचे. अलिझेच्या पोटाखाली रडारचा गोल डबा आहे, तो पाणबुड्या शोधायला खाली यायचा आणि उतरताना वर ओढला जायचा. सी हॅरियरपाशी जास्त वेळ द्या. दोन्ही बाजूंना दोन-दोन, अशा फिरणाऱ्या चार नळ्या आहेत. पुढच्या दोन्हींतून इंजिनच्या पंख्याची थंड हवा येते, मागच्या दोन्हींतून जळालेला गरम वायू. मागच्या नळीमागे धडावर उष्णता सोसणारा जाड पत्रा लावला आहे. पुढच्या नळीमागे त्याची गरज नाही. बारा वर्षांच्या मुलाला हा फरक दाखवलात तर नळ्या खाली वळवल्यावर विमान सरळ वर कसं उचलतं, ते त्याला समजावता येईल. ही विमानं २०१६ पर्यंत सेवेत होती.

उन्हात पत्र्याला हात लावू देऊ नका, चटका बसतो आणि घामातलं मीठ रंगावर राहतं. बरोबर एक टॉर्च घ्या. चाकांच्या खळग्यांत सकाळीही अंधार असतो, आणि लहान मुलाच्या उंचीवरून तिथलं मोठ्या माणसापेक्षा जास्त दिसतं.